पालथी चाळणी

“सभासद करून घेणं बंद हाय म्हणजे काय? ती काय पिठाची गिरणी हाय, लाईट गेली की बंद?”

मनकर्णाबाईनं हा सवाल सकाळी उठून पहिल्यांदा तव्यावरच्या भाकरीला विचारला. मग शेजारणीला विचारला. मग मिसारवाडीच्या नाक्यावरून बाजाराकडं जाणाऱ्या रिक्षावाल्याला विचारला. भाकरी करपली, शेजारीण हं हं म्हणाली आणि रिक्षावाला म्हणाला, “आजी, जरा सरकून बसा.” ज्याला विचारायचं त्या कडुबाला तर तिनं आदल्या दिवशीच विचारलं होतं. मोबाईलमधून मान वर न काढता तो म्हणाला होता, “बंद म्हणजे बंद, मावशी. वरून ठरलंय.”

वरून! कडुबाच्या वर कोण होतं? पत्र्याचं शेड, आणि शेडावर कबुतरं. हमालांच्या आणि चाळणीवाल्या बायांच्या संघटनेचा अध्यक्ष तोच, ठरवणारा तोच, आणि “वरून ठरलंय” म्हणणाराही तोच.

मनकर्णाबाई धान्याच्या बाजारात चाळणीवर बसायची. शेतकऱ्याचा गहू, बाजरी, मका हर्राशीत, म्हणजे लिलावात, विकला गेला की आडत्याच्या ओट्यावर त्याचा ढीग पडतो. बायांनी तो चाळून खडा-काडी-माती बाजूला काढायची, हमालांनी कट्टे भरून गाडीत टाकायचे. चाळणीखाली जो मातीत मिसळलेला दाणा उरतो त्याला मातेरं म्हणतात. ते मातेरं चाळणाऱ्या बाईचं. घरी न्यायचं, निवडायचं, धुवायचं, वाळवायचं आणि दळून आणायचं. मनकर्णाबाईची लेकरं ह्याच मातेऱ्यावर वाढली, आणि बंगल्यातल्या लेकरांपेक्षा काही कमी धट्टीकट्टी झाली नाहीत.

पण आता तिचे गुडघे बोलायला लागले होते. खाली बसताना एक बोलायचा, उठताना दुसरा. बाजाराची रीत अशी की सासू उठली की तिच्या जागेवर सून बसते. सून सुलेखा बसायला तयार होती. तिचा नवरा टेम्पोवर, त्याच्या एकट्याच्या जिवावर घर कसं चालायचं? फक्त गळ्यात संघटनेचा बिल्ला पाहिजे. बिल्ला नाही तर चाळणीला हात नाही, असा बाजाराचा नियम. आणि बिल्ला काही कडुबा देईना.

आता गंमत ऐका. हा नियम आणला कुणी? मनकर्णाबाईनंच.

तेव्हा तिचे केस काळे होते आणि गुडघे मुके. आडत्यांनी एका हंगामात अचानक ठरवलं की मातेरं बायांना द्यायचं नाही, कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकायचं. बायांना सांगितलं, “तुम्ही चाळा आन घरी जा.” म्हणजे कोंबड्यांनी खायचं आणि लेकरांनी बघायचं! मनकर्णाबाई पैठणकडची, तिकडच्या बाया मुळातच कमी ऐकून घेतात. तिनं भर बाजारात आपली चाळणी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. शेजारच्या सत्यभामेनं आपली पालथी घातली. बघता बघता सगळ्या बाया पालथ्या चाळण्यांवर बसल्या, जशा काही गादीवरच.

आडत्यांनी काय करावं? गाडी पाठवून बाहेरच्या वस्तीवरून दुसऱ्या बाया आणल्या. त्याही गरीबच होत्या, त्यांचीही पोटं होती. त्या चाळायला बसल्या आणि ह्यांचा संप मोडायला आला. तेव्हा हमालांच्या टोळीतला एक पोरगेलासा गडी पुढं झाला. पाठीवरचा कट्टा त्यानं धाडदिशी खाली टाकला आणि ओरडला, “जिथं चाळणी पालथी, तिथं आमी कट्टा उचलणार नाय!” मनकर्णाबाईचा नवरा कचरू त्याच टोळीत होता, त्यानंही टाकला. मग काय, चाळलेला गहू उचलायलाच कुणी नाही. आडते आले वठणीवर. मातेरं बायांचं, हे कबूल झालं. बायांसाठी संडास बांधून मिळाला. त्याच्या आधी बाया पहाटे गोदामाच्या मागं जायच्या आणि दिवसभर पाणी पीत नव्हत्या. ज्यांनी हे भोगलं त्यांनाच त्या चार भिंतींची किंमत.

त्याच दिवशी ओट्यावर उभं राहून मनकर्णाबाई गरजली होती, “आजपासून बिल्ल्याशिवाय एक बी बाई इथं बसणार नाय. समद्यांनी संघटनेत यायचं. येत नाय म्हणंल तिनं दुसरा बाजार बघायचा.” आणि दुसरा नियम आपोआप झाला: बाजारात एक चाळणी पालथी पडली की सगळ्यांनी आपली पालथी घालायची. का, कशासाठी, ते मागून विचारायचं.

तो कट्टा टाकणारा गडी म्हणजे कडुबा. त्याच एका कट्ट्यावर तो आजवर अध्यक्ष आहे.

मनकर्णाबाई बेइमान नव्हती. कडुबाचं नाव निघालं की ती आधी संडासाचं सांगायची, मग शिव्या द्यायची. शिव्या द्यायला कारणंही लई होती. पहिल्यांदा मोर्चे बायांच्या कामाचे असायचे. मग हमालांच्या कामाचे झाले, चला, तेही आपलेच. मग निवडणुकीतल्या कुणाकुणाचे व्हायला लागले. मग कडुबाचा वाढदिवस आला. बाजाराच्या कमानीवर त्याचा गॉगल घातलेला फोटो, आणि सगळ्या बायांनी हार घेऊन हजर व्हायचं. एका वर्षी मनकर्णाबाई त्या दिवशी बहिणीच्या दुखण्याला दौलताबादला गेली. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, “आज तुमी बसू नका, अध्यक्षांनी सांगितलंय.” ज्या बाजारात तिनं पहिली चाळणी पालथी घातली, त्या बाजारात तिला दिवसभर दाराशी बसवली! संघटनेची सक्ती बाईच्या पोटासाठी केली होती, अध्यक्षाच्या हारासाठी नव्हे.

आणि सुलेखा? तिला तर युनियन ह्या शब्दाचीच चीड. ती वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. तिथं युनियन होती, लई जोरदार. दिवाळीला मिठाई, दारात लाल-निळा बोर्ड. पण ती कायमच्या माणसांची. ठेक्याच्या बायांनी जाऊन विचारलं तर म्हणाले, “ताई, तुम्ही आमच्या घटनेत बसत नाही.” सात महिने झाले की ब्रेक द्यायचा, म्हणजे घरी पाठवायचं, आणि वाटलं तर पुन्हा बोलवायचं. शेवटच्या ब्रेकनंतर बोलावलंच नाही.

“आत्या, युनियन म्हंजे आत बसलेल्यांची भिशी असती,” सुलेखा म्हणायची. “आपला नंबर त्यात कधीच निघत नाय.”

“आमची तसली नाय,” मनकर्णाबाई म्हणायची. “आमच्यात तर यावंच लागतं.”

आणि आता त्याच संघटनेनं दाराला कडी लावली. येणं सक्तीचं, आणि येऊ देणं बंद. हे कुठलं राज्य? बाजाराच्या फाटकाबाहेर कितीतरी बाया रोज आशेनं बसायच्या, बिल्ला नाही म्हणून बोंबलत परत जायच्या. बरं, बंद म्हणजे सगळ्यांना बंद असतं तर मनकर्णाबाई दात-ओठ खाऊन गप्प बसली असती. पण दिवाळीच्या मागंच कडुबाची मेव्हणी मोनिका गळ्यात नवाकोरा बिल्ला घालून तिसऱ्या ओट्यावर येऊन बसली होती. तिच्यासाठी कडी निघाली कशी? मेव्हणी काय खिडकीतून आली?

तर त्या दिवशी मनकर्णाबाईनं सुलेखाला बरोबरच नेलं. पाणी आणायला आणि मातेरं भरायला घरची बाई चालते, तिनं चाळणीला मात्र हात लावायचा नाही. उन्हाळ्याचे दिवस, गव्हाचा हंगाम. कन्नडकडच्या गाड्या ओळीनं लागलेल्या. रामकिसन शेठच्या ओट्यावर गव्हाचा ढीग पडला आणि चाळण्यांचा सर्र सर्र आवाज सुरू झाला. मनकर्णाबाई चाळता चाळता सुनंला शिकवत होती. “हात नाय हलवायचा, कंबर हलवायची. खडा आपसूक वर येतो. मापाड्याच्या तोंडाला लागायचं नाय. शेठ हसला की समजायचं, काम वाढवणार हाय.” सगळं सांगितलं. एक गोष्ट तेवढी राहिली. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी कुणाला सांगत नाही, तसं झालं.

ऊन चढल्यावर मनकर्णाबाई उठली. दोन्ही गुडघे बोलले. “आले जाऊन,” म्हणाली आणि संडासाकडं गेली.

सुलेखाला रिकामं बसवेना. कंपनीची सवय. तिथं हातातलं काम थांबलं की ट्रे झटकायचा, पुसायचा आणि धूळ बसू नये म्हणून पालथा घालून ठेवायचा. नाही ठेवला तर सुपरवायझर ओरडायचा. तिनं सासूची चाळणी उचलली, भोकांत अडकलेले दाणे काडीनं काढले, पदरानं कड पुसली आणि गव्हाच्या ढिगावर नीट पालथी घालून ठेवली. चाळणीला हात लावायचा नाही म्हणजे चाळायचं नाही, एवढंच तिला कळलं होतं.

शेजारी सत्यभामा होती. तिनं मान वळवली. मनकर्णाची चाळणी पालथी! इतक्या वर्षांनी! तिनं काही विचारलं नाही. विचारायचंच नसतं. आपली चाळणी पालथी घातली आणि वर बसली. तिच्या पलीकडच्या बाईनं घातली. पुढच्या ओट्यावर घातली. वाऱ्यासारखी गोष्ट पसरली. हमालांनी पाठीवरचे कट्टे होते तिथंच टाकले.

संडासात मनकर्णाबाईला पहिल्यांदा वाटलं, आपल्या कानालाच काही झालं. सर्र सर्र थांबलं होतं. बाजारात फक्त कबुतरं घुमत होती. एवढी शांतता तिनं ह्या बाजारात आयुष्यात एकदाच ऐकली होती. ती गुडघ्यांना न विचारताच पळाली.

येऊन बघते तर सगळ्या बाया चाळण्यांवर बसलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे हिच्याकडं.

“मनकर्णे, सांगायचं तर व्हतं गं आधी!” सत्यभामा डोळे पुसत म्हणाली. “पर बरं केलंस. सुनंला बिल्ला देत नाय म्हंजे काय? आमच्या बी पोरी बाहेर बसल्यात.”

मनकर्णाबाईनं ढिगावरच्या चाळणीकडं बघितलं, मग सुनंकडं. सुलेखा पांढरीफटक पडली होती. हळूच म्हणाली, “आत्या, म्या नुसती पुसून ठेवली. सरळ करू का?” आणि तिनं हात पुढं केला.

मनकर्णाबाईनं तो मनगटात धरला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “आता पडलीय तर ऱ्हाऊ दे.”

आणि गुडघे मुडपून ती त्या चाळणीवर बसली.

कडुबा मोटारसायकलवरून आला तेव्हा त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. मागून रामकिसन शेठ ओरडतच होते, “अहो अध्यक्ष, हे काय चालवलंय? गाड्या उभ्या आहेत उन्हात! तुम्ही शब्द दिला होता, ह्या हंगामात गडबड नाही म्हणून.”

हे ऐकून बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शब्द? आमच्या वतीनं? कधी?

“कुणी घातली पहिली?” कडुबा गरजला.

“माझी हाय चाळणी,” मनकर्णाबाई म्हणाली.

“तुमी तर तिकडं व्हता म्हणत्यात. हिनं घातली. ही सभासद नाय. बिगर सभासद बाईच्या चाळणीनं बंद होत नसतो. समद्यांनी सरळ करा.”

कुणी हललं नाही.

“मग सांगा ना तसं तुमच्या हमालांना,” सत्यभामा म्हणाली. “म्हणा, पालथ्या चाळणीचा कट्टा उचला. तुमच्याच तोंडानं म्हणा, भाऊ.”

हमाल कडुबाकडं बघत उभे होते. ज्या एका वाक्यावर माणूस मोठा झाला, ते त्यानं स्वतःच कसं मोडायचं?

“मावशी, बिल्ला काढून घ्यावा लागंल तुमचा,” तो दुसरीकडून आला.

तेव्हा मनकर्णाबाई पेटली.

“घे! घे की! अरे, हा बिल्ला म्या बायांच्या गळ्यात बांधला तवा तुझ्या मिशीला कोंब नव्हता फुटला. सक्ती म्याच केली, नाय कुठं म्हणते? आजबी म्हणते, समद्यांनी यायचं. एक बाहेर ऱ्हायली की शेठ तिलाच गाडीत घालून आणणार आन आमची मान मोडणार. पर सक्ती करायची तर दार उघडं ठेवाया लागतं, बाबा! यायलाच पाहिजे म्हणायचं आन येऊ द्यायचं नाय, ही संघटना झाली का तुझ्या सासऱ्याचं घर झालं?”

सासऱ्याचं घर म्हटल्यावर सगळ्यांच्या माना तिसऱ्या ओट्याकडं वळल्या. तिथं मोनिका बसली होती, पालथ्या चाळणीवर.

“तू तरी ऊठ गं!” कडुबा तिच्यावर ओरडला.

मोनिका लाजली, पण उठली नाही. “दाजी, नियम हाय ना. एक पालथी तर समद्या पालथ्या. बिल्ला देताना तुमीच तर पाठ करून घेतला माझ्याकडून.”

हमालांत हशा पिकला. कडुबाचे कान लाल झाले. तो मनकर्णाबाईजवळ येऊन वाकला आणि आवाज एकदम खाली आणला.

“मावशी, घरची गोष्ट हाय. सुनंला देतो बिल्ला, आत्ता देतो. बाकीच्यांचं काढू नका. चाळणी सरळ करा.”

खोटं कशाला बोलायचं, मनकर्णाबाईला मोह झाला. त्याच्यासाठीच तर ती एवढे दिवस भाकरी करपवत होती. गुडघ्यांनी आतून सांगितलं, घे बाई, घे आणि घरी चल. तिनं सुलेखाकडं बघितलं.

सुलेखानं ऐकलं होतं. ती चांगली मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “असा चोरून नको मला. कंपनीत बी आत बसलेले लोक असंच आपापलं बघायचे. बाहेर बसल्यात त्यांना बी द्या, नाय तर मी बी बाहेरचीच बरी.”

मनकर्णाबाईला आधी सुनंचा राग आला. आलेला घास लाथाडते म्हणजे काय! मग तिला तीच जुनी, काळ्या केसांची बाई समोर उभी दिसली आणि राग गिळून ती म्हणाली, “ऐकलं का, अध्यक्ष? आमच्या सुनंनं काय सांगितलं?”

“ठराव घ्यावा लागतो त्याला. सभा बोलवावी लागते,” कडुबा म्हणाला.

“मंग ही काय हळदीकुंकवाला बसलोय व्हय आमी?” सत्यभामा म्हणाली. “समद्या हायेत. घ्या ठराव. बाजारात चाळाया येणाऱ्या कुठल्या बी बाईला बिल्ला नाकारायचा नाय. हात वर करा गं!”

हात वर झाले. शेठ घड्याळ बघत होते, गाडीवाले हॉर्न वाजवत होते. शेवटी कडुबानंही हात वर केला, डोक्याला आलेला घाम पुसावा तसा. मग मुकादमाला ऑफिसातून बिल्ल्यांची पिशवी आणायला लावली. फाटकाबाहेरच्या बाया आत आल्या. सुलेखाच्या गळ्यात बिल्ला सत्यभामेनं घातला. मनकर्णाबाईनं खाली हात टेकून उठून आपली चाळणी सरळ केली, आणि बाजारभर पुन्हा सर्र सर्र सुरू झालं.

संध्याकाळी रिक्षात मातेऱ्याचं गाठोडं मांडीवर घेऊन सुलेखा म्हणाली, “आत्या, पर म्या खरंच धूळ बसू नये म्हणून...”

“गप. ते तुझ्या-माझ्यात,” मनकर्णाबाई म्हणाली. “आन पुन्हा धूळ बसली तरी चालंल. बसू दे.”

कडुबाही कडुबाच. उतरता उतरता सुलेखाच्या मोबाईलवर संघटनेचा पहिला निरोप आला: उद्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा, हमालांच्या मागण्या, सर्व सभासदांनी यायचंच, गैरहजर राहणाऱ्याची गय नाही.

“हे काय?” सुलेखा भडकली. “उद्याच? माझा पहिला दिवस हाय चाळणीवर! मी नाय जायची. सक्ती हाय का काय?”

“व्हय,” मनकर्णाबाई म्हणाली. “सक्तीच हाय.”

“तुमाला पटतं का हे?”

“निम्मं पटतं. निम्म्याचा संताप येतो,” ती म्हणाली, आणि गाठोडं सुनंच्या हातातून आपल्या कडेवर घेतलं. “आज कट्टे त्यांनी टाकले नसते तर तुझी चाळणी पालथी काय, उभी असती तरी कुणी बघितलं नसतं. उद्या ते बोलवत्यात. जायचं.”

दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात दोघी सासू-सुना मोर्चात चालल्या. गुडघे वाटभर बोलत होते, मनकर्णाबाई त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होती. हमालांच्या मागण्यांची एकेक घोषणा तिनं असा आवाज काढून दिली की पुढचे गडी मागं वळून बघत होते. मधेच कुणीतरी कडुबाच्या नावाचा जयजयकार सुरू केला. सुलेखानं बघितलं, तर सासूनं तोंड घट्ट मिटून घेतलेलं.

“आत्या, आता का गप्प?”

“ह्याची सक्ती अजून नाय झाली,” मनकर्णाबाई म्हणाली, आणि घोषणा संपेपर्यंत बाटलीतलं पाणी सावकाश प्यायली.